सानिकाच्या अंगठीची उडी

रविवार, आठ फेब्रुवारी. पहाटे दव, सकाळी आभाळ स्वच्छ, वारा शून्य. शून्य म्हणजे शून्य हो! खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या माडाची झावळी हलत नव्हती, उदबत्तीचा धूर सरळ वर चालला होता. हे मी मुद्दाम आधीच सांगतो, कारण मांडवीतले निम्मे लोक अजून म्हणतायत, "वाऱ्यानं उडाली हो अंगठी!" अहो, वाऱ्यानं अंगठी उडते? वाऱ्यानं पत्रावळ उडते, पेपर उडतो, गुणाजीनानांची टोपी उडते... सोन्याची अंगठी मांडवाच्या छताला जाऊन आपटायला वादळ लागतं वादळ! आणि मी रोजचं हवामान रोज लिहिणारा माणूस, कित्येक वर्षं चुकवलेलं नाही. त्या दिवशी वारा नव्हता. बरं, उरलेले निम्मे काय म्हणतात? तर देवानं उडवली. म्हणजे वारा किंवा देव! आणि मग तिथे घामाघूम होऊन, हातात स्विच धरून, बोटाला फोड आणून उभा होता तो कोण? तो कोणीच नाही! असू दे. मी शांत माणूस. मी काही बोललो नाही.

आता तुम्ही म्हणाल, विनोदराव, साखरपुड्यात अंगठी बोटात घालतात, ती उडवायची कशाला? बरोबर! अगदी हेच मी आमच्या ताईला विचारलं. ताई म्हणजे समीक्षा, माझी थोरली बहीण, सानिकाची आई. राहायला दोन घरं सोडून, पण आवाज माझ्याच घरात असतो. तर ताई म्हणते, "विनू, हल्ली नुसती तबकातून अंगठी आणलेली चालत नाय. लोक नावं ठेवतात. अंगठीची एंट्री लागते."

एंट्री! अंगठीला! मी म्हटलं, माणसाला एंट्री मिळत नाही आणि अंगठीला पाहिजे?

पण तिच्या डोक्यात होती शेजारची भाविका. मागच्या वर्षी भाविकाच्या साखरपुड्याला अंगठी ड्रोनवरून आली. आली म्हणजे... यायची होती. ड्रोन मांडवावर आला, झोकात दोन घिरट्या मारल्या, सगळ्यांनी मोबाइल वर केले, टाळ्या झाल्या, आणि मग तो जो समुद्राच्या दिशेनं निघाला तो निघालाच! नवरामुलगा फेटा सांभाळत किनाऱ्यापर्यंत धावला, त्याच्या काकानं होडी काढली आणि ड्रोनच्या मागे वल्हवत गेला... काका आले परत. ड्रोन नाही. तर ताईचं म्हणणं एवढंच, की भाविकाच्यापेक्षा वरचढ पाहिजे, पण समुद्रात जाणारं नको.

आणि मी म्हणालो, "ताई, जागच्या जागी उडवून दाखवतो."

बघा, मी बर्फाच्या फॅक्टरीत मशिनवर असतो. दहावीनंतर शाळा सुटली, पण मोटारी, कॉइल, वाइंडिंग हे सगळं माझं मी शिकलो, जुनी पुस्तकं आणून, एकेक पान चार-चार वेळा वाचून. आणि गोष्ट सोपी आहे हो. तांब्याच्या तारेची गुंडाळी करायची, तिच्या पोटात मऊ लोखंडाच्या तारांची जुडी, सेंट्रिंगवाले सळया बांधतात ना, तीच तार, तुकडे करून, सानिकाच्या बोटाएवढ्या जाडीची. जुडी वीतभर वर काढायची आणि तिच्यात अंगठी अडकवायची. आता गुंडाळीत घरची लाईट सोडली की झाला चुंबक. पण आपली लाईट म्हणजे कशी, सारखी पुढे-मागे, पुढे-मागे, एका सेकंदात पन्नास वेळा! म्हणजे चुंबकपण सारखा बदलणार. आणि धातूच्या कड्याला बदल म्हणजे बदल सहन होत नाही. चुंबक वाढला, कड्याचा विरोध. कमी झाला, तरी विरोध! थेट आमच्या ताईसारखं. खिडकी उघडली की "बंद कर, धूळ येते", बंद केली की "उघड, जीव गुदमरतो". तर हा विरोध करायला ते कडं स्वतःच्या अंगात करंट तयार करतं, गोल गोल फिरणारा. खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीच्या वेळी पाणी कसं गरगरतं, भोवरा होतो, तसा भोवरा धातूत. मग कडं म्हणतं, ए गुंडाळी, लांब हो! गुंडाळी टेबलाला स्क्रूनं आवळलेली, ती कुठे जाणार? म्हणून कडंच उडतं. संपलं! एवढंच! ह्यात देव कुठे आला? वारा कुठे आला?

पण उडवून बघायला काहीतरी पाहिजे ना. सोन्याची अंगठी मुलाकडची. आमच्याकडे मुलीची अंगठी मुलाकडचे आणणार, आणि मांडवात तबकावरचं रेशमी वस्त्र निघेपर्यंत ती कुणी बघायची नाही, अशी रीत. आता मी मुलाच्या घरी, खेडला फोन करून विचारू, की बाई, अंगठी दोन दिवस धाडता काय, उडवून बघायची आहे? असं विचारतं कोणी होणाऱ्या विहीणबाईंना? म्हणून मी ॲल्युमिनियमची नळी शोधायला लागलो. ॲल्युमिनियम हलकं आणि करंटला मोकळं. अख्खं घर पालथं घातलं, सायकलचा पंप बघितला, पडद्याचे दांडे बघितले... आणि मग माझी नजर आईच्या वॉकरवर गेली.

आमची आई, सखू. गुडघे गेलेत, वॉकर घेऊन दिवसभर टक टक, टक टक. पण वॉकरच्या पायाची नळी काय सुंदर मापाची! खालचं रबरी बूच काढायचं, बोटभर चकती कापायची, बूच परत. कोणाला कळणारसुद्धा नाही. कापली. जुडीवर ठेवली. स्विच दाबला... टण्ण! थेट कौलांना! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तेवढ्यात मागून आई, "विन्या, जमीन कलली रे."

"काय?"

"हिकडं उतार झालाय. कालपर्यंत नव्हता. भूकंप झाला काय?"

म्हणून मी उरलेले तीन पाय पण तेवढेच कापले. चारी सारखे नकोत? आता वॉकरला उंची वाढवायची बटणं असतात हे मलाही कळतं, पण मांडवीची खारी हवा, बटणं कधीचीच जाम. बरं, चार चकत्या झाल्या, त्या उडवल्या, एक पोटमाळ्यात गेली, एक विहिरीत, दोन कुठे गेल्या ते आजवर कळलेलं नाही. म्हणून परत एक फेरी. परत चारी पाय. तर आई एकदा ओट्यापाशी उभी राहून म्हणते, "विन्या, मी वाकत चाललेय, का हा वॉकर खाली बसत चाललाय?"

मी म्हटलं, "वय झालं आई."

तिनं वॉकरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "वॉकरचं?"

मी शांत माणूस. मी काही बोललो नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं हो. पण मग आले गुणाजीनाना. नाना म्हणजे आमच्या वाडीचं गाऱ्हाणं घालणारं माणूस. कुठलंही कार्य असो, नाना देवाला हाक मारणार आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. देवळात कौल लावायचा तोही नानांनी. देवाच्या अंगाला दोन बाजूंना फुलं लावायची, मनातलं विचारायचं, उजवीकडचं पडलं तर होय, डावीकडचं पडलं तर नाही. तर नाना आले साखरपुड्याचं ठरवायला, आणि मी नेमका स्विच दाबला. चकती उडाली, आढ्याला लागली आणि पडली कुठे? नानांच्या उजव्या हाताशी!

नानांनी चपला काढल्या. म्हणजे काढलेल्याच होत्या, पण त्यांनी परत काढल्यासारखं केलं. "विनोदा... आणखी एकदा."

परत उडवली. परत उजवीकडे.

"नाना," मी म्हटलं, "हे इंडक्शन आहे."

"कोणता का देव असेना."

"देव नाही हो, टेबलाचा एक पाय आखूड आहे, म्हणून जुडी उजवीकडे झुकलीय, म्हणून ती दर वेळी..."

ऐकतायत कुठे! डोळे मिटून हात जोडले, "उद्या बोट सोडू काय रे बाबा?" आणि मला खूण, दाब! दाबला. उजवीकडे. दुसऱ्या दिवशी नानांच्या बोटीला एवढा बांगडा लागला, एवढा बांगडा, की आमच्या फॅक्टरीतला बर्फ संपला! झालं. माझ्या पडवीत रांग! कोणी विचारतंय मुलाला नोकरी लागेल काय, कोणी विचारतंय हापूसला मोहर टिकेल काय, आणि जुडी उजवीकडे झुकलेली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर एकच, होय! बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे आमचे युसुफभाई, तेसुद्धा कोपऱ्यात उभे. म्हणाले, "आमच्यात चालत नाय हां हे कौल-बिल. मी आपला मशीन बघाय आलोय... पण आलोच आहे तर आमच्या पोराच्या, झुबेरच्या विसाचं विचार ना एकदा." विचारलं. उडाली. आणि झुबेरचा विसा आला! आता काय करायचं, सांगा!

आणि कहर म्हणजे, शेवटची जी चांगली चकती होती, ती नानांनी प्रसाद म्हणून नेली आणि बोटीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला बांधली. बोट गेली समुद्रात. मी म्हटलं जाऊ दे, आता चकतीचं काम काय? परवा तर खरी अंगठी येणार!

तिकडे ही बातमी पोचली खेडला. कोणी पोचवली? ताईनं! मोठेपणानं! की आमच्याकडे अंगठी स्वतः सांगते, जोडी जुळली तर उडते. आणि लगेच गुणवंतीबाईंचा फोन. गुणवंतीबाई म्हणजे मुलाची आई. मुलगा सर्वेश, खेडला मोबाइलचं दुकान, गरीब स्वभावाचा, आईपुढे तर कव्हर नसलेल्या मोबाइलसारखा जपून वागतो. तर गुणवंतीबाई म्हणतात, "हे बरं झालं हो. पत्रिका जुळली, पण माझ्या मनात जरा होतंच. तुमची मुलगी कशाला घाबरत नाही, त्याचीच मला भीती वाटते. आता मांडवातच कौल होऊ दे. अंगठी उडाली तर हो. नाही उडाली तर आम्ही जेवून परत जाऊ."

जेवून! म्हणजे जेवण धरूनच नकार! मी फोनवर समजवायला गेलो, "बाई, हा कौल नव्हे, हे कड्यातल्या भोवऱ्यासारख्या करंटामुळे..." तर म्हणतात, "भोवरा? म्हणजे अशुभ काय?"

मी शांत माणूस. मी काही बोललो नाही. फोन ठेवला.

आता रविवार. वारा नाही, सांगितलंच. ताईच्या खळ्यात मांडव. मांडव बाबल्याचा, जनरेटर बाबल्याचा, माइक पण बाबल्याच्याच हातात, आणि बाबल्याच्या हातात माइक म्हणजे तुम्हाला सांगतो, गप्प बसवायला जनरेटरच बंद करावा लागतो. भावोजी कुवेतला, ते व्हिडिओ कॉलवर, फोन नारळाला टेकवून कॉइलच्या शेजारी. पहिल्या रांगेत आई, वॉकरसकट. वॉकर आता इतका बुटका की आई उभी राहिली तरी लोकांना वाटायचं नमस्कार करतेय, आणि सगळे आपले तिला उलट नमस्कार करतायत!

गुणवंतीबाईंनी तबकावरचं वस्त्र काढलं. अंगठी चांगली भरीव. सर्वेशनं ती जुडीत अडकवली. बाबल्या माइकवर, "आणि आता, मंडळी, ज्याची आपण सगळे वाट बघत होतो... रत्नागिरी जिल्ह्यात पहिल्यांदाच... अंगठीचा... कौल!"

मी स्विच दाबला.

घुंsssss...

अंगठी ढिम्म. उडणं सोडा, मान हलवली नाही! नुसती थरथरली, पंक्तीत पापड थरथरतो तशी. मी दाबून धरला. घुंsssss... काही नाही. हात लावला तर अंगठी गरम! कोमट नव्हे, गरम! आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, सोनं जड! आणि दागिन्याचं सोनं म्हणजे भेसळ, तांबं आलं, चांदी आली, करंट त्यात अडखळत चालतो, भोवरा धड होतच नाही, जो होतो त्याची नुसती गरमी. एवढं सगळं पुस्तकात होतं. मी वाचलं होतं, चार वेळा. आणि मी उडवून काय बघितलं? तर वॉकर!

नारळापासून आवाज, "हॅलो? उडली काय?"

बाबल्या, "अंगठी... अंगठी जरा वेळ घेतेय, मंडळी."

"हॅलो? विनोद? उडली काय?"

गुणवंतीबाई उठल्या, पदर सावरला, आणि ताईला म्हणाल्या, "कौल झाला. पानं कधी मांडताय?"

मागून कोणीतरी म्हणालं, "बर्फात घाला, बर्फात! विनोदकडे बर्फाला काय तोटा!" आणि ते चुकीचं नव्हतं हो, थंड धातूत करंट जास्त सुरळीत चालतो, म्हणून पाण्याच्या पिंपातल्या बर्फात अंगठी बुडवली, गारेगार केली, परत ठेवली, दाबला... तर अंगठीतून वाफ आली. नुसती वाफ! एक म्हातारी म्हणाली, "देव कोपला." बाबल्यानं ते माइकवर सांगितलं.

आणि मग सानिका माझ्याजवळ आली. शालू, गजरा, सगळं. वाकून कानात म्हणते, "मामा, मला सर्वेशच पाहिजे." आवाज घट्ट, पण हिरव्या बांगड्या एकसारख्या मागे-पुढे सारत होती. ही मुलगी कशाला घाबरत नाही म्हणतात ना? ती घाबरली होती. "तुझं सायन्स मला नंतर सांग. आता उडव."

लोकांच्या मुलांना नोकऱ्या लागल्या, विसे आले, बांगडा आला, आणि आमच्याच पोरीला नाही? कशामुळे? टेबलावरच्या माझ्याच एका खेळण्यामुळे? आणि समजावून कुणाला सांगू? एक चकती असती! एकच! सोन्याच्या खाली ॲल्युमिनियमची चकती ठेवली असती तर खालची उडताना वरचीला घेऊन गेली असती, पोराला खांद्यावर घेतात तशी! पण चकती कुठाय? नानांच्या बोटीवर! आणि बोट कुठाय? अरबी समुद्रात!

मी हळूच मान वळवली. पहिल्या रांगेत आई. आईच्या पुढे वॉकर.

"आई, जरा वॉकर देतेस?"

"परत?" आई म्हणाली. सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

मी नानांच्या कानाशी लागलो, "नाना, गाऱ्हाणं घाला. लांबवा. जमेल तेवढं लांबवा." आणि बाबल्याची लोखंड कापायची करवत घेऊन टेबलाखाली शिरलो.

"बा देवा म्हाराजा!" नानांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!"

खर्र खर्र...

"आज ह्या मांडवात जी मंडळी जमलीत, मांडवीची असोत, खेडची असोत, कुवेतची असोत..."

"व्हय म्हाराजा!"

खर्र खर्र खर्र...

"त्यांच्या कार्यात जी काय अडचण आली असेल, जमिनीची असेल, पाण्याची असेल..."

"वॉकरची असेल," आई म्हणाली.

"व्हय म्हाराजा!"

चकती सुटली! पण घाईत करवत घसरली होती आणि चकतीला उभी चीर. मी तरी ठेवून बघितली, वेडी आशा. स्विच दाबला, काही नाही. असणारच नाही! कड्याला चीर पडली की करंट फिरणार कुठून? पूल वाहून गेल्यावर एसटी पलीकडे जाते काय? कडं अखंड पाहिजे, अखंड! म्हणजे परत करवत, परत तोच पाय. आणि वर नानांचं गाऱ्हाणं संपत आलेलं. देवाकडे मागण्यासारखं सगळं मागून झालं होतं, आता नाना काय मागतायत? "आमच्या वाडीचा रस्ता डांबरी होऊ दे म्हाराजा... नळाला दोन्ही वेळा पाणी येऊ दे म्हाराजा... बाबल्याचा आवाज जरा कमी होऊ दे म्हाराजा..." त्याला तर "व्हय म्हाराजा" एवढ्या जोरात झालं की पाहुणे दचकले. बाबल्यानं माइकवर विचारलं, "कोण म्हणालं ते?"

दुसरी चकती अखंड निघाली. खाली वॉकर, वर सोनं. मी बाबल्याला ओरडून सांगितलं, "जनरेटर फुल कर! जेवढा आहे तेवढा!" सर्वेश माझ्या समोर, हात पुढे पसरून उभा, प्रसाद घेतात तसा. बिचाऱ्याच्या ओठांची नुसती हालचाल, आवाज नाही. गुणवंतीबाई पाटावरून उठलेल्या, तोंड पंगतीकडे. नाना म्हणाले, "...आणि ही अंगठी उडू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दाबला.

काय सांगू तुम्हाला... घुं नाही, गर्जना! मांडवातले दिवे लाल झाले, स्पीकर किंचाळला, गुंडाळीतून धूर, माझ्या बोटाला चटका, आणि टण्ण! दोन्ही वर! छताच्या कापडाला जाऊन बसल्या, तिथून दोघींच्या वाटा वेगळ्या, जनरेटर धापा टाकून बंद, आणि ॲल्युमिनियमची चकती गरगरत खाली आली ती थेट सर्वेशच्या ओंजळीत! सर्वेश, "हा हू हा हू," ह्या हातातून त्या हातात, कढईतली भजी उचलल्यासारखा, पण सोडली नाही! तुम्हाला सांगतो, नवरामुलगा असा पाहिजे. हात पोळला, पण सोडली नाही.

नानांनी दोन्ही हात वर केले. "देवानं ज्याच्या हातात जी दिली, ती खरी!"

गुणवंतीबाई वळल्या. "ही? ही तर वॉकरची!"

"वर गेली तेव्हा वॉकरची. खाली आली ती देवाची," नाना म्हणाले.

आता बाईंपुढे पेच. शब्द दिलेला, उडाली तर हो. उडाली तर होती, अख्ख्या मांडवानं बघितली होती. त्यांनी सर्वेशकडे बघितलं. सर्वेश हातावर फुंकर मारत मारत आयुष्यात पहिल्यांदा आईला म्हणाला, "मी हीच घालणार." आणि घातली! सानिकाच्या बोटात! सैल झाली, म्हणून तिनं गजऱ्याचा दोरा तोडून आतून गुंडाळला, घट्ट केली आणि हात वर करून सगळ्यांना दाखवली.

नारळाकडून काही आवाज नाही. लाईटबरोबर इंटरनेट गेलेलं. पडद्यावर भावोजी तोंड उघडं ठेवून थिजलेले, 'उडली काय'च्या 'का'वर.

आणि सोन्याची? सोन्याची अंगठी गायब! अख्खा मांडव खाली वाकला. सतरंज्या झटकल्या, स्पीकर उलटे केले, खिरीचं पातेलं पळीनं ढवळलं, गुणवंतीबाई स्वतः गुडघ्यावर बसून पाटाखाली बघतायत. बाबल्या स्पीकरमधला चुंबक सोडवून घेऊन आला आणि जमिनीवर फिरवायला लागला. मी म्हटलं, "अरे बाबल्या, सोनं चुंबकाला चिकटत नाही." तर म्हणतो, "मग मगाशी तुम्ही चुंबकानं उडवत होता ते काय?" आता ह्याला परत पहिल्यापासून सांगायचं? पुढे-मागे, पन्नास वेळा, भोवरा, खिडकी, ताई? मी शांत माणूस. मी काही बोललो नाही. बाबल्याला तीन खिळे आणि सोडा बाटलीचं एक बूच मिळालं.

पाहुणे जेवले. खरंच जेवले, पोटभर, खीर गाळून गाळून. आणि खेडला गेले.

संध्याकाळी गुणवंतीबाईंचा फोन. आवाज इतका गोड, की मी पहिल्यांदा नंबर परत बघितला. "विनोदभाऊ, घरी आले, अंबाडा सोडला, आणि काय सांगू, अंगठी मांडीवर पडली! गजऱ्यात बसली होती."

मी म्हटलं, "वा! मग सानिकाला..."

"छे छे!" बाई म्हणाल्या. "वरून आली ती थेट माझ्या डोक्यावर. नानाच म्हणाले ना, देवानं ज्याला जी दिली ती खरी? देवानं दिलेलं परत करत नाहीत."

मी शांत माणूस.

लग्न रविवार, दहा मे. सानिकाच्या बोटात वॉकरची अंगठी, आतून गजऱ्याचा दोरा. सोन्याची खेडला, गुणवंतीबाईंच्या करंगळीत. कॉइल जळाली. वॉकरचा पुढचा डावा पाय दोन बोटं आखूड, त्याच्याखाली करवंटी.